डच गावांचे झेंडे: मध्ययुगातले कमी, कचेरीतले जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन वर्षांपासून आम्स्टलफेनला राहता, सुट्टीच्या दिवशी सायकल काढून आसपासची गावं पालथी घालता, आणि प्रत्येक गावच्या कचेरीवर वेगळा झेंडा नि वेगळी ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराचं गावाचं मानचिन्ह, दिसते. कुठे दूधवाली, कुठे मासा, कुठे गाय. त्यातल्या इतक्या ढाली निळ्या-सोनेरीच का? हे सगळं खरंच मध्ययुगीन आहे का? आम्स्टरडॅमच्या तीन फुल्या पाहून आम्स्टलफेननं चार काढल्या, ही नक्कल नव्हे का? आणि असा झेंडा आपण आपल्या बाल्कनीत लावला तर चालतो का?

फुल्यांचं आधी सांगतो, कारण इथे नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतोच. नक्कल नाही. आम्स्टरडॅमच्या ढालीवर तीन फुल्या, आम्स्टलफेनच्या ढालीवर चार आणि शेजारच्या औडर-आम्स्टलच्या ढालीवर पाच. तिन्ही ठिकाणी त्या उभ्या पट्ट्यावर एकाखाली एक आहेत. तेराव्या शतकात हा मुलूख काही काळ पेरसाइन नावाच्या घराण्याकडे होता आणि ही खूण त्यांच्याकडून आली असावी, असं जाणकार मानतात. पर्यटकांना मात्र तीन फुल्या म्हणजे आग, पूर आणि प्लेग असं ठोकून सांगितलं जातं. मग आम्स्टलफेनला चौथं आणि औडर-आम्स्टलला पाचवं संकट कोणतं आलं, असं त्या गाइडला विचारून बघा. एका धन्याच्या तीन वाड्या, शिक्का एकच, ओळखायला फुल्या कमी-जास्त. एवढंच ते प्रकरण असावं.

मी बावीस वर्षं या देशात झेंडे छापायच्या आणि शिवायच्या धंद्यात आहे. वर्षातले निम्मे दिवस खेमेन्तेंच्या ऑर्डरी असतात. खेमेन्ते म्हणजे इथली स्थानिक नगरपालिका. खेड्यांना वेगळी ग्रामपंचायत असा प्रकार इथे नाही. दहा-पंधरा खेड्यांची मिळून एक खेमेन्ते, आणि ती दर्जानं मोठ्या शहराच्या बरोबरीची. हे काम करता करता एक गोष्ट पक्की कळली: ढाल आणि झेंडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोघांचा मालक वेगळा आणि वयही वेगळं. तुमचा सगळा गोंधळ त्या दोघांना एक समजल्यामुळे झाला आहे.

ढालीला डच भाषेत ‘वापन’ म्हणतात. हत्याराला हाच शब्द. वापन मिळतं राजाच्या सहीनं. गावच्या कौन्सिलनं अर्ज करायचा, हेगमधली ‘होखे राड फान आडेल’ ही सरदार-घराण्यांचं दप्तर सांभाळणारी सरकारी संस्था तो तपासते, दुरुस्त्या सुचवते, आणि मग राजाज्ञा निघते. ही संस्था १८१४ सालची. झेंड्याला यातलं काही लागत नाही. कौन्सिलनं बैठकीत ठराव केला की झाला झेंडा. हेगचा सल्ला घ्यावा अशी रीत आहे, पण तो बंधनकारक नाही. म्हणून ढाली बहुतेक शिस्तीत दिसतात आणि झेंड्यांमध्ये मधूनमधून भयंकर नमुने सापडतात.

आता निळ्या-सोनेरीचं. ही हकीकत मला या विषयातली सगळ्यात मजेची वाटते.

फ्रेंच अमदानीत, १७९५ नंतर, सरदारक्या आणि त्यांच्या खुणा मोडीत निघाल्या होत्या. नेपोलियन गेल्यावर ऑरेंज-नासाऊ हे आजचं राजघराणं परत आलं, राज्य नव्यानं उभं राहिलं, आणि १८१४ च्या अखेरीस हुकूम निघाला की गावांनी, शहरांनी, जहागिऱ्यांनी आपापल्या ढाली हेगला कळवून नोंदवून घ्याव्यात. आता खेडेगावाकडे कळवायला असणार काय? पितळेचा जुना शिक्का. त्याचा मेणावरचा किंवा कागदावरचा ठसा त्यांनी पाठवला. ठशाला रंग कुठून असणार? कुणी रंग लिहून पाठवले, बऱ्याच जणांनी लिहिलेच नाहीत. ज्यांनी लिहिले नाहीत त्यांना सरसकट राज्याचे रंग लावले गेले: निळी जमीन, त्यावर सोनेरी आकृती. हे रंग नासाऊ घराण्याचे, निळ्यावर सोनेरी सिंह. डच भाषेत यांना ‘रेइक्सक्लूरन’ म्हणतात. फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला म्हणून कारकुनानं भरलेले रंग आज शेकडो गावं अभिमानानं मिरवतात.

परिणाम बघायचा असेल तर तुमच्यापासून तासाभरावर खोई नावाचा रेताड माळरानाचा भाग आहे, तिथे जा. तिथल्या हाउझन गावाच्या ढालीवर दूधवाली आहे: खांद्यावर आडवं लाकडी जू, दोन्ही टोकांना बादल्या. आपल्याकडची कावड डोळ्यांसमोर आणा, फक्त जू खांद्याच्या बाकाप्रमाणे कोरलेलं. आणि ही बाई सोन्याची आहे, निळ्या पार्श्वभूमीवर उभी. ज्या कुणी तो शिक्का पहिल्यांदा कोरला त्यानं रोज पहाटे गायरानावर जाणारी खरीखुरी बाई पाहिली असणार. पण पत्रात तिच्या झग्याचा रंग लिहायचा राहिला, तर बाई सोन्याची झाली.

शेजारच्या हिल्फरसुमचं त्याहून गमतीचं. आज ते रेडिओ-टीव्हीचं शहर आहे, पण ढालीवर बकव्हीटचे चार दाणे आहेत, निळ्यावर सोनेरी. बकव्हीट म्हणजे कुट्टू, ज्याचं पीठ आपल्याकडे उपवासाला चालतं तेच. गव्हाला नको असलेल्या भिकार रेताड जमिनीत ते येतं, म्हणून खोईच्या शेतकऱ्यानं तेच पेरलं. दाणा तिधारी असतो. हे माहीत नसेल तर ढालीवर चार त्रिकोणी खडे ठेवलेत असं वाटतं. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीनं ते एकदा समोसे म्हणून फाईलला नाव दिलं होतं आणि अजून आमच्या कॉम्प्युटरवर ती फाईल ‘समोसे’ याच नावानं आहे.

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. राजाज्ञेत प्रमाण असतो तो मजकूर. सोबतचं चित्र हा त्या मजकुराचा एक नमुना. ‘निळ्या जमिनीवर चार सोनेरी दाणे’ एवढं लिहिलं की दाणा जाड की बारीक, निळा गडद की फिका, हे काढणाऱ्याचं स्वातंत्र्य. त्या मजकुराला स्वतःची बोलीही आहे. तांबड्याला रोजच्या भाषेत ‘रोड’ म्हणतात, पण ढालीच्या भाषेत ‘केल’. निळा म्हणजे ‘लाझुर’, हिरवा ‘सिनोपल’, काळा ‘साबल’. सोनं आणि चांदी हे धातू धरतात, कापडावर ते पिवळा आणि पांढरा होतात. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, हा मूळ नियम. लांबून ओळखू यावं एवढाच त्याचा हेतू, आणि आजही महामार्गावरचा पाटी रंगवणारा तेच पाळतो. आणखी एक खोच: डावं-उजवं हे ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी यात दोनदा फसलो.

ढालीच्या वर बहुतेक ठिकाणी सोन्याचा मुकुट दिसेल: तीन पानं आणि मधे दोन मोती. त्यावरून गावात राजा राहत होता असं समजू नका. तो ठरावीक मुकुट आहे, अक्षरशः शेकडो गावांना मिळालेला.

आकृत्या कुठून आल्या याची वर्गवारी करत बसलो तर रात्र जाईल, म्हणून भराभर सांगतो. जिथे जहागीरदार होता तिथे त्याच्या खानदानाची ढाल गावाला चिकटली. दक्षिणेला ब्राबांट आणि लिंबुर्खमध्ये, जो मुलूख कॅथॉलिक राहिला, तिथे जुन्या न्यायमंडळांच्या शिक्क्यांवर चर्चचे संत असत, तेच पुढे ढालीवर चढले. आणि तिसरी जात नावावरून कोटी करणाऱ्या ढालींची. ओस गावाच्या ढालीवर बैल, कारण डच भाषेत बैलाला ‘ओस’ म्हणतात. मोनिकेंडामला संन्यासी, कारण ‘मोनिक’ म्हणजे मठातला साधू. स्खिरमोनिकओख या बेटाच्या नावाचा अर्थच ‘करड्या साधूंचं बेट’, आणि ढालीवर साधू आहे. एके काळी ते बेट खरोखरच करड्या झग्यातल्या साधूंच्या मठाच्या मालकीचं होतं. हजाराच्या आत वस्ती, तरी स्वतंत्र खेमेन्ते. अशा ढालींना ‘बोलकी ढाल’ म्हणतात. गावाच्या नावाची व्युत्पत्ती खरी त्या शब्दावरून आहे की नाही याच्याशी ढालीला कर्तव्य नसतं. कोटी जमली की पुरे.

बेटांचा विषय निघालाच आहे तर आमेलांड. तिथल्या ढालीच्या एका अर्ध्यात चंद्रकोर, दुसऱ्या अर्ध्यात तीन आडवे पट्टे. शेजारच्या बेटांवर त्यावर एक जुनी यमकी म्हण आहे. मतलब असा की आमेलांडच्या लबाडांनी एका रात्री चांदण्यात तीन तुळया पळवल्या, म्हणून तेच त्यांच्या ढालीवर आलं. आडवे पट्टे आणि चंद्रकोर ही ढालींवरची सगळ्यात सामान्य चिन्हं आहेत, चोरीची गरज नाही. पण आमेलांडचे लोक स्वतःच ही म्हण हसत हसत ऐकवतात, आणि मला वाटतं कुठल्याही राजाज्ञेपेक्षा तिनंच ती ढाल लोकांच्या लक्षात ठेवली आहे.

उर्क हे कोळ्यांचं गाव १९३९ पर्यंत बेट होतं, मग समुद्र हटवून त्याला जमिनीला जोडलं. ढालीवर अजून हॅडॉक मासाच आहे. उलट तुमचं विमान जिथे उतरलं तो स्किपहोल विमानतळ ज्या हारलेमरमेअर खेमेन्तेत आहे, तिच्या ढालीवर लाटांतून वर आलेल्या धान्याच्या तीन लोंब्या आहेत. तो प्रदेश १८५२ पर्यंत तळं होता. वाफेवर चालणाऱ्या पंपांनी तीन वर्षं उपसून कोरडा केला. आजही धावपट्टी समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार मीटर खाली आहे. इथे कुणी धनी नव्हता, जुना शिक्का नव्हता, संत नव्हता. कोऱ्या जमिनीला नवी ढाल द्यायची होती, आणि ती मला अनेक जुन्या ढालींपेक्षा जास्त खरी वाटते.

आता झेंडे. इथे तुमचा ‘मध्ययुगीन’ हा शब्द जवळजवळ पूर्ण बाद होतो. जुन्या बंदरांना आणि शहरांना जहाजांमुळे झेंडे होते. खेड्यांना कशाला लागणार? खेड्यात चर्चवर राष्ट्रध्वज लागायचा, बस्स. १९३८ साली राणी विल्हेल्मिनाच्या राज्यारोहणाला चाळीस वर्षं झाली, त्या सोहळ्याच्या संचलनासाठी प्रत्येक खेमेन्तेचा झेंडा हवा अशी टूम निघाली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी एक साचा केला: प्रांताच्या रंगांचे पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात गावाची ढाल. संचलन संपलं, झेंडे माळ्यावर गेले. खरी लाट आली ती महायुद्धानंतर, पन्नास-साठच्या दशकांत. क्लास सियर्क्स्मा नावाच्या फ्रिजियन, म्हणजे उत्तरेकडच्या फ्रिस्लांड प्रांतातल्या, माणसानं त्या काळात गावोगावच्या खेमेन्तेंसाठी झेंडे आखून दिले. आज तुम्हाला जो ‘डच गावचा झेंडा’ म्हणून एक घाट दिसतो, त्यात त्याचा हात मोठा आहे.

तो घाट असा: पूर्ण ढाल झेंड्यावर डकवायची नाही. ढालीतली एखादी आकृती उचलायची, दोन किंवा तीन रंग घ्यायचे, नदी असेल तर नागमोडी रेघ, गढी असेल तर दातेरी काठ, आणि मुख्य खूण काठीच्या बाजूला. काठीकडच्या भागाला ‘ब्रूकिंग’ म्हणतात, मोकळ्या फडफडणाऱ्या भागाला ‘फ्लुख्त’, म्हणजे उड्डाण.

खूण काठीकडे का, हे कागदावर कळत नाही. आमच्याकडे परत आलेला झेंडा हातात घेतला की कळतं. समुद्राकडच्या गावात नवा पॉलिएस्टरचा झेंडा कायम वर ठेवला तर काही महिन्यांत मोकळ्या बाजूची शिवण उसवते, मग कापडाच्या दशा होतात, मग हातभर कापड वाऱ्याबरोबर जातं. काठीकडची पट्टी मात्र शाबूत असते. शिवाय वारा पडला की झेंडा काठीला लोंबतो आणि फक्त तेवढीच बाजू दिसते. मोकळ्या टोकाला बारीक सुंदर चित्र काढणारा डिझायनर आला की मी त्याला मागच्या खोलीत नेतो आणि फाटक्या झेंड्यांचं बोचकं उघडून दाखवतो. वाद तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट, छपाई कापडाच्या आरपार जाते, म्हणून मागच्या बाजूनं चित्र उलटं दिसतं. अक्षरं त्यासाठीच नकोत. आणि प्राणी असेल तर त्याचं तोंड काठीकडे हवं. मागून पाहिलं तरी ते काठीकडेच राहतं. एका खेमेन्तेसाठी, नाव नाही सांगत, मी चाळीस झेंडे छापले आणि फाईल उलटी लागली. सिंहाचं तोंड मोकळ्या बाजूला. कचेरीत कुणाच्याच लक्षात आलं नाही, बिल मंजूर झालं. आठवड्यानं गावातल्या चर्चची घंटा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थाचा फोन आला: ‘महाशय, तुमचा सिंह पळून चाललाय.’ चाळीसच्या चाळीस पुन्हा छापले, पदरच्या पैशानं.

सगळ्यात आवडता झेंडा विचारलात तर तेरस्खेलिंग बेटाचा. पाच आडवे पट्टे: तांबडा, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा. एकही आकृती नाही, पण पोरं शाळेत त्याचं यमक शिकतात: तांबडे ढग, निळं आभाळ, वाळूच्या टेकड्यांवरचं पिवळं गवत, हिरवं कुरण, पांढरी वाळू. सायंकाळच्या बोटीनं बेटाजवळ आलात तर दृश्य खरंच वरून खाली त्याच क्रमानं दिसतं. पाच रंग म्हणजे जास्तच, नियमानं मी अडवले असते. इथे अडवण्यासारखं काही नाही.

फ्रिस्लांडला गेलात तर एक काळजी घ्या. तिथल्या झेंड्यावरची तांबडी पानं ही बदामाची ‘हार्ट्स’ आहेत असं म्हणू नका. ती पाणकमळाची पानं आहेत, ‘पॉम्पेब्लेडन’, प्रांताच्या झेंड्यावर मोजून सात. त्या प्रांतात खेमेन्तेच्या खालच्या एकेका खेड्यालाही स्वतःची ढाल नि झेंडा असतो. त्याला राजाची सही नसते. फ्रिजियन लोकांची स्वतःची ढाल-परिषद आहे, ती तपासून नोंद करते. त्या ऑर्डरी लहान असतात, पाच-दहा झेंड्यांच्या, पण पत्रव्यवहार सगळ्यात काटेकोर.

आणि हे खेड्यांचं वेड वाढायला कारण आहे. १९०० च्या सुमारास या देशात अकराशेहून जास्त खेमेन्ते होत्या, २००० साली ५३७ उरल्या, २०२३ पासून ३४२. खेमेन्ते विलीन झाली की तिची ढाल कायद्यानं संपते. बेमस्टर बघा: १६१२ साली तळं उपसून केलेली आखीव शेतजमीन, १९९९ पासून जागतिक वारसा, चीजसाठी प्रसिद्ध, ढालीवर गाय. १ जानेवारी २०२२ ला ते शेजारच्या पुर्मेरेंड शहरात विलीन झालं आणि ती ढाल दप्तरी गेली. नव्या एकत्र खेमेन्तेची ढाल ठरवायची बैठक म्हणजे आपल्याकडचा भाऊबंदकीचा वाटा. प्रत्येक जुन्या गावाला आपली गाय, आपला मासा, आपली चांदणी हवी असते. हेगहून सल्ला येतो की गर्दी करू नका. शेवटी कधी कधी सगळेच कंटाळतात आणि एजन्सीकडून लोगो करून घेतात: एक हिरवा फराटा, एक निळा फराटा, खाली वेबसाइट. मी तेही छापतो, पैसे घेतो. पण विलीन झालेल्या गावांमधून जुन्या झेंड्याच्या घरगुती ऑर्डरी येतात, तशी लोगोच्या झेंड्याची घरगुती ऑर्डर मला एकदाही आलेली नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात तुम्ही अजून भारतात असाल. तेव्हा शेतीतून होणारं नायट्रोजनचं प्रदूषण कमी करायच्या सरकारी धोरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी गावोगावच्या रस्त्यांवर राष्ट्रध्वज उलटे लावले होते, निळा वर आणि तांबडा खाली. उलटा झेंडा ही मूळ जहाजावरची ‘संकटात आहोत’ अशी खूण. लोकांनी बोलायचं ते राष्ट्रध्वजाच्या तोंडून बोलून घेतलं. गावचा झेंडा उलटा लावलेला मी कुठेच पाहिला नाही. काही शेतांवर एकाच खांबावर दोन्ही होते: राष्ट्रध्वज उलटा, खाली गावचा सुलटा.

बाल्कनीचं शेवटी. खुशाल लावा, परवानगी लागत नाही, फक्त इमारतीच्या सोसायटीचे नियम वाचा. घराच्या भिंतीवरच्या तिरक्या काठीला १०० बाय १५० सेंटिमीटरचा झेंडा पुरतो. १५० बाय २२५ चा सहा मीटर खांबासाठी असतो, तो बाल्कनीत लावलात तर खालच्या मजल्यावरच्यांच्या जेवणात येईल. राष्ट्रध्वज सूर्यास्ताला उतरवायचा, आणि तो गावच्या झेंड्यासोबत लावला तर मानाची जागा त्याची. गावच्या झेंड्यालाही तीच सवय ठेवा, कापड दुप्पट टिकतं.

आणि पुढच्या फेरीत नदीकाठानं औडरकेर्कपर्यंत जा. त्या गावाचा पश्चिमेचा थोडा भाग आम्स्टलफेनमध्ये आहे, नदीपलीकडचं मुख्य गाव औडर-आम्स्टलमध्ये. पूल ओलांडताना सायकलवरून उतरा. अलीकडे चार फुल्या, पलीकडे पाच.